पहिलं बाळंतपण आणि रात्रीचं पाजणं: आधी आईच्या झोपेची सोय करा

प्रश्न थोडक्यात असा: पहिलंच बाळंतपण, सिझेरियन होऊन १२ दिवस झाले आहेत. बाळ रात्री दर दीड-दोन तासांनी उठतं, एकेका वेळी पाऊण तास पितं, खाली ठेवलं की पुन्हा रडतं. टाके ओढले जातात, दूध पुरत नसावं अशी शंका येते, बाळ झोपलं तरी आईचा डोळा लागत नाही. आणि हे किती दिवस चालणार, ते कुणी सांगत नाही.

बाळंतिणी आणि नवजात बाळं यांच्या विभागात आधी परिचारिका म्हणून आणि पुढे स्तनपान समुपदेशक म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुम्ही विचारलंय बाळाच्या झोपेबद्दल. मी उत्तर तुमच्या झोपेपासून सुरू करते, कारण १२ दिवसांच्या बाळाची झोप कुणालाच बदलता येत नाही, तुमची मात्र बदलता येते. पोटाचे थर उघडून गर्भाशयापर्यंत जाणारी मोठी शस्त्रक्रिया तुमच्यावर झाली आहे. दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर पेशंटला रात्रीतून पाच वेळा उठवलं असतं तर घरच्यांनी हरकत घेतली असती. बाळंतिणीच्या बाबतीत तेच "आता आई झालीस, हे चालायचंच" म्हणून सोडून दिलं जातं. मला ते कधीच पटलेलं नाही. बाळाला रात्री दूध लागणारच. पण दूध सोडून रात्रीतलं दुसरं कुठलंही काम तुमचं नाही, आणि २४ तासांत सलग साडेतीन-चार तासांची एक तरी झोप तुम्हाला मिळायलाच हवी. आत्ता तुमच्यासाठी ती औषधाइतकीच गरजेची आहे.

आधी बाळ इतकं का उठतं ते समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. नवजात बाळ २४ तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. त्याच्या झोपेचं एक आवर्तन ५०-६० मिनिटांचं असतं आणि त्यातली जवळपास निम्मी झोप हलकी असते: हातपाय हलतात, चेहरा वेडावाकडा होतो, कण्हल्यासारखा आवाज येतो, डोळेसुद्धा अर्धवट उघडतात. दिवस-रात्रीचं घड्याळ त्याच्या शरीरात अजून सुरूच झालेलं नाही. ते हळूहळू दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागतं. पोट लहान, आईचं दूध पचायला हलकं, म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं हे अगदी नेहमीचं आहे. संध्याकाळी तर काही तास बाळ जवळजवळ सलग अंगावरच असतं, सोडलं की पुन्हा मागतं. त्या वेळी बहुतेक आयांना वाटतं की दूध आटलं. ते आटलेलं नसतं.

रात्रीच्या पाजण्याला आणखी एक कारण आहे. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. पहिल्या काही आठवड्यांत स्तन रिकामे होण्यावरच पुढचा पुरवठा ठरतो, त्यामुळे रात्रीचं पाजणं आत्ताच पूर्ण बंद केलं तर दूध कमी होण्याची शक्यता खरी आहे. रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलॅटोनिन हे संप्रेरकही असतं, जे बाळाच्या शरीरात अजून नीट तयार होत नाही. म्हणजे तुमचं बाळ बिघडलेलं नाही आणि तुम्ही त्याला वाईट सवयही लावत नाही आहात. १२ दिवसांच्या बाळाला कसलीच सवय लागत नाही. घेतलं तर घेण्याची सवय लागेल, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

आता दूध पुरतं का, याबद्दल. याचं उत्तर स्तन किती भरलेले वाटतात यावरून मिळत नाही. बाळ किती वेळा रडतं यावरूनही नाही, आणि पंपाने किती दूध निघालं यावरून तर अजिबात नाही. पंप हा बाळाच्या तोंडाइतका कुशल नसतो. पंपाने थोडंच दूध निघणाऱ्या कितीतरी आयांची बाळं उत्तम वाढतात. पाहायचं ते डायपर आणि वजन. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा भरपूर शू, तीही फिकट रंगाची, आणि पिवळी पातळसर शी हे पोट भरत असल्याचं चिन्ह आहे. पहिल्या दिवसांची काळी चिकट शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. वजनाचं म्हणाल तर जन्मानंतर ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते आणि १० ते १४ दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. त्यानंतरच्या महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. तुमचा बारावा दिवस आहे, म्हणजे ही तपासणी आत्ताच करण्याजोगी आहे. उद्या-परवा वजन करून घ्या. ते जन्माच्या वजनाला पोचलं असेल तर या चिंतेचं मोठं ओझं उतरेल. पोचलं नसेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. अशा वेळी काढलेलं दूध किंवा पावडरचं दूध वरून द्यायला सांगितलं, तर तो उपचार समजा. त्यात तुमची हार नाही.

हे वजन कळेपर्यंत एक नियम कसोशीने पाळा: बाळ स्वतःहून उठलं नाही तर दर तीन तासांनी उठवून पाजा. जन्माचं वजन भरून आलं, वाढ नीट सुरू झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की रात्री त्याला उठवायची गरज नाही. तेव्हा ते झोपेल तेवढं झोपू द्या. फार सुस्त असणारं, उठवूनही न पिणारं किंवा अंग पिवळं दिसणारं बाळ मात्र "शहाणं आहे, किती झोपतं" म्हणून सोडायचं नसतं. कावीळ वाढली की बाळ असं सुस्तावतं.

पाऊण तास चालणारं पाजणं मला थोडं खटकतं. कधी कधी बाळं हळू पितात, हे खरं आहे. पण पुष्कळदा असं असतं की बाळाने पहिली दहा मिनिटं नीट प्यायलेलं असतं आणि बाकीचा वेळ ते नुसतं चोखत झोपलेलं असतं. आज रात्री कान देऊन ऐका. दूध उतरलं की एक-दोन चोखण्यांनंतर गिळण्याचा हलका आवाज येतो आणि हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते. हा आवाज बंद झाला की हाताने स्तन हलकेच दाबून धरा. धार वाढते आणि बाळ पुन्हा गिळू लागतं. त्यानेही काही होत नसेल तर ती बाजू सोडवा, ढेकर काढा, दुसरी बाजू द्या. नुसतं चोखत राहू देण्यात वाईट काही नाही, पण रात्री अडीच वाजता तो वेळ तुमच्या झोपेतून जातो.

तोंडात स्तन कसा धरला जातो, यावर तर अर्धी रात्र अवलंबून असते. बाळाचं पोट तुमच्या अंगाला लागलेलं हवं, मान वळलेली नको. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर आणा, ते तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेल तेव्हा बाळाला पटकन जवळ ओढा. स्तन बाळाकडे नेऊ नका, नाहीतर पाठ भरून येते. हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर उलटलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा, असं दृश्य हवं. सुरुवातीला काही सेकंद ताणल्यासारखं दुखेल. पुढेही दुखत राहिलं, किंवा तोंडातून निघालेलं स्तनाग्र चपटं आणि पांढरट दिसलं, तर बाळाने फक्त टोक धरलंय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून चोखणं सोडवा आणि पुन्हा लावा. कितीही वेळा लावावं लागलं तरी चालेल. दात आवळून सहन करणं हा यातला सगळ्यात महागडा पर्याय आहे, कारण चिरलेलं स्तनाग्र बरं व्हायला पुढच्या कितीतरी रात्री जातात. दोन-तीन दिवसांत जमलं नाही तर स्तनपान समुपदेशकाला प्रत्यक्ष पाजताना दाखवा. लिहून किंवा फोनवर हे नीट दुरुस्त होत नाही.

सिझेरियननंतर मांडीवर बाळ घेऊन पाजलं की त्याचे पाय टाक्यांवर येतात. रात्री एका कुशीवर झोपून पाजणं सगळ्यात सोयीचं. बाळ तुमच्याकडे तोंड करून कुशीवर, तुमच्या गुडघ्यांमध्ये एक उशी, पाठीमागे एक. दुसरी रीत म्हणजे बाळाला काखेखालून धरणं: त्याचं डोकं तुमच्या तळहातावर, पाय मागच्या बाजूला तुमच्या कोपराखालून गेलेले. यात पोटावर काहीच येत नाही.

आता रात्रीची वाटणी. बाळाचे बाबा, आई, बहीण, जे कुणी घरात आहेत त्यांच्यासोबत बसून हे दिवसाउजेडी ठरवा. रात्री दोन वाजता, दोघंही वैतागलेले असताना, कुणाचीच वाटणी नीट होत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घरांत चाललेली रचना अशी आहे: संध्याकाळी बाळ भरपूर पिऊन घेतं त्याच्या शेवटी, समजा आठ-साडेआठला, तुम्ही पाजता आणि लगेच दुसऱ्या खोलीत झोपायला जाता. पुढचे तीन-साडेतीन तास बाळ दुसऱ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात. ते त्याला फिरवतील, छातीशी धरतील, डायपर बदलतील, आणि ते खरंच भुकेलं झालं, किंवा वजन कळेपर्यंतच्या दिवसांत तीन तास उलटले, तरच तुमच्याकडे आणतील. बारा वाजताचं पाजणं तुमचं. तिथून पुढे दोघंही झोपा, पण बाळाला पाळण्यातून उचलणं, तुमच्याजवळ आणून देणं, मग ढेकर काढणं, बदलणं आणि परत झोपवणं हे दुसऱ्याचं काम. तुम्ही डोळे जेमतेम उघडायचे, पाजायचं आणि मिटायचे. पहाटे सहाच्या पाजण्यानंतर बाळ पुन्हा दुसऱ्याकडे, आणि तुम्हाला आणखी दोन तास. ही झोप लवकर, रात्रीच्या पहिल्या भागात घ्या असं मी सांगते, कारण गाढ झोपेचा मोठा वाटा तिथेच असतो. साडेआठला झोपणं विचित्र वाटेल. करून बघा, चार दिवसांत अंगात फरक कळतो.

दुसरं माणूस खरोखरच नसेल, तर कुणाला तरी दिवसा तीन तासांसाठी बोलवा आणि त्या वेळात झोपण्याशिवाय काहीही करू नका. बाळ बघायला येणाऱ्यांना येऊ द्या, पण येताना एखादं काम हाती घेऊन. "बाळाला धरते" म्हणणाऱ्या पाहुण्यापेक्षा भांडी घासून देणारा पाहुणा बाळंतिणीच्या जास्त कामाचा असतो.

पाजणं नीट बसलं, वजन वाढू लागलं, की साधारण तीन-चार आठवड्यांनंतर रात्रीची एक वेळ काढलेल्या दुधावर दुसऱ्या कुणी सांभाळली तरी चालतं. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंश सेल्सिअसपर्यंत, ४ तास राहतं आणि फ्रीजमध्ये ४ दिवस. बाळाने पिऊन उरलेलं मात्र २ तासांच्या आत संपवा किंवा टाकून द्या. पावडरचं दूध देत असाल तर डब्यावर लिहिलेलं पाण्याचं आणि पावडरचं प्रमाण काटेकोर पाळा. दूध पातळ केलं तर बाळाची वाढ खुंटते आणि रक्तातलं मिठाचं प्रमाण बिघडतं. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध सुचवते आणि मीही त्यासाठीच काम करते. तरीही झोपेअभावी कोसळायला आलेल्या आईने रात्रीची एक बाटली दिली, तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. तुटून पूर्ण पाजणं थांबवण्यापेक्षा एक बाटली देऊन महिनोन् महिने पाजत राहणं कितीतरी बरं.

पाजतानाच्या काही बारीक गोष्टी, ज्यांनी दर वेळी दहा-वीस मिनिटं वाचतात. मंद, पिवळसर दिवा ठेवा, मोठा लाइट लावू नका. मोबाईल लांब ठेवा; जागं राहायला तो मदत करतो, पण नंतर झोप लागू देत नाही. डायपर शीने भरलेलं किंवा गळत नसेल तर रात्री बदलू नका. बदलायचंच असेल तर एक बाजू पाजून झाल्यावर बदला, म्हणजे दुसऱ्या बाजूला ते पुन्हा झोपेत जाईल. बाळ कण्हायला लागलं की लगेच उचलू नका. हलक्या झोपेत ते असे आवाज करतंच. एक-दोन मिनिटं थांबा, पुष्कळदा ते स्वतःच पुढच्या आवर्तनात जातं. पण तोंड उघडून इकडेतिकडे शोधायला लागलं, मूठ तोंडात घालू लागलं, तर रडण्याची वाट बघू नका. रडून लाल झालेलं बाळ नीट धरत नाही.

खाली ठेवलं की रडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा असं की ते अजून हलक्या झोपेत असतं. नवजात बाळाची झोप हलक्या टप्प्यापासून सुरू होते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, हात उचलून सोडला तर लुळा पडतो का बघा, मग ठेवा. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं तर पडल्याचा भास होऊन ते दचकतं. ठेवल्यावर छातीवर हात थोडा वेळ तसाच राहू द्या.

झोपवताना बाळ नेहमी पाठीवर, कडक सपाट गादीवर, उशी, जाड पांघरूण आणि मऊ खेळण्यांशिवाय. ते तुमच्याच खोलीत पण स्वतःच्या जागेवर झोपावं, किमान पहिले ६ महिने. झोपेत होणाऱ्या अचानक मृत्यूंचा धोका यामुळे कमी होतो, हे १९९० च्या दशकात अनेक देशांनी बाळांना पाठीवर झोपवायला सांगितल्यावर स्पष्ट दिसलं. थकलेल्या आईला मी एक गोष्ट आवर्जून सांगते: रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. तिथे डोळा लागला तर बाळ तुमच्या आणि गादीच्या फटीत अडकू शकतं, आणि हा धोका सगळ्यात मोठा आहे. डोळा लागेल असं वाटत असेल तर पलंगावरच पाजा, आधी उशा आणि पांघरूण बाजूला करा, आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागेवर ठेवा. घरात कुणी धूम्रपान करत असेल, कुणी दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, किंवा बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, तर बाळ त्या पलंगावर अजिबात झोपायला नको.

तुमच्या शरीराबद्दल. बाळंतपणाच्या वेळी सुमारे एक किलोचं झालेलं गर्भाशय सहा आठवड्यांत ६०-७० ग्रॅमवर येतं. पाजताना ओटीपोटात कळ येते ती त्याचीच. अंगावरून जाणं आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट-पांढरं होत जातं आणि सहा आठवड्यांपर्यंत राहू शकतं. फिकट झालेला रंग पुन्हा लाल झाला, तर बहुतेक वेळा आदल्या दिवशी तुम्ही जास्त उभ्या राहिलात असा त्याचा अर्थ असतो. शरीर विश्रांती मागतंय, तेवढी द्या. रात्री घामाने कपडे भिजतात, तेही पहिल्या दोन आठवड्यांत नेहमीचं आहे.

वेदनाशामक गोळ्या दुखणं असह्य झाल्यावर घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाने घ्या, आणि रात्रीची गोळी पाण्याच्या बाटलीसोबत उशाशी ठेवा. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतात. दुखतंय म्हणून तुम्ही आखडून बसलात तर दूध उतरायलाही वेळ लागतो. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा. खोकताना, शिंकताना, हसताना पोटावर उशी दाबून धरा. बाळापेक्षा जड काहीही सहा आठवडे उचलायचं नाही. पण पडूनही राहू नका. घरातल्या घरात दिवसातून काही वेळा चाला; पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, वाढलेला असतो आणि चालणं तो कमी करतं. पाजायला बसलं की तहान लागते, म्हणून हाताशी पाणी आणि एका हाताने खाता येईल असं काहीतरी हवंच. पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात. वजन कमी करायची ही वेळ नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मधेच सोडू नका.

स्तनात दुखरी गाठ आली तर पूर्वी आम्ही गरम शेक, जोरात मालीश आणि जास्तीत जास्त वेळा दूध काढणं सांगायचो. आता तो सल्ला बदलला आहे. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते आणि जास्त दूध काढलं तर शरीर आणखी तयार करतं. नेहमीसारखं पाजा, पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवा, हलक्या हाताने काखेच्या दिशेने नुसता हात फिरवा, डॉक्टरांनी दिलेलं सूज कमी करणारं औषध घ्या. २४ तासांत उतार पडला नाही किंवा थंडी वाजून ताप आला तर दाखवा. पाजणं थांबवायचं कारण नाही. ते दूध बाळाला चालतं.

काही लक्षणांसाठी मात्र सकाळ उजाडायची वाट बघायची नाही. एका तासात पूर्ण पॅड भिजणं किंवा मोठ्या गुठळ्या पडणं. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप; टाक्यांतून पू किंवा वाढती लाली, घाण वास; एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं; छातीत दुखणं, दम लागणं. आणि न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं: गरोदरपणातल्या रक्तदाबाचा गंभीर त्रास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत नव्यानेही होऊ शकतो, हे फार थोड्या जणींना सांगितलं जातं. बाळाच्या बाबतीत, तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला १००.४ ताप असेल तर घरी औषध देऊन थांबायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं.

हे किती दिवस? रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं आणि मग उतरू लागतं, म्हणून पुढचा महिना आत्तापेक्षा सोपा नसला तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बऱ्याच बाळांची रात्रीतली एक झोप चार-पाच तासांची होते. पण "रात्रभर झोपतं" या वाक्याच्या मागे लागू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडामधल्या अभ्यासात ६ महिन्यांच्या दर १० बाळांपैकी जवळपास ४ बाळं सलग ६ तास झोपत नव्हती, आणि त्याचा त्यांच्या विकासाशी काही संबंध आढळला नाही.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुमच्या प्रश्नात तो एका ओळीत येऊन गेला: बाळ झोपलं तरी तुमचा डोळा लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, मन भरून येणं हे निम्म्याहून जास्त आयांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दूध उतरण्याच्या क्षणी अचानक दोन-तीन मिनिटं खोल उदास वाटणं हेही काही जणींना होतं; ते संप्रेरकांमुळे असतं आणि लगेच जातं. बाळ हातातून पडेल, त्याला काही होईल अशी नकोशी चित्रं मनात येणंही नव्या आयांमध्ये फार सर्रास आहे. ती चित्रं बघून तुम्ही घाबरता, याचा अर्थच तुम्हाला तसं काही करायचं नसतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी, भीती, कशातच मन न लागणं, संधी मिळूनही झोप न येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं हे राहिलं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते साधारण सात आयांपैकी एकीला होतं. मी गेल्यास सगळ्यांचं बरं होईल असे विचार आले, किंवा दिवसचे दिवस झोपेची गरजच वाटेनाशी झाली, न दिसणारं दिसू लागलं, घरचे आपल्याविरुद्ध आहेत असं वाटू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. घरच्यांनी हे वाचावं, कारण त्या अवस्थेत आईला स्वतःला कळत नाही.

तुमचे दोन आठवडे परवा पूर्ण होतात. बाळाच्या वजनाला जाल तेव्हाच तुमच्याबद्दलही बोला, सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत थांबू नका. "थकवा आहे" एवढंच सांगितलं तर ऐकणारा मान हलवून पुढे जाईल. "बाळ झोपलेलं असताना, अंधारात, दुसरं कुणी बाळाजवळ असतानाही मला झोप लागत नाही," असं सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिनबरा प्रश्नावली नावाची १० प्रश्नांची चाचणी १९८७ पासून वापरात आहे, पाच-दहा मिनिटांत भरून होते, ती मागा. सोबत हिमोग्लोबिन तपासून घ्या. हाच थकवा आणि उदासी पुढच्या काही महिन्यांतही राहिली तर थायरॉइडही तपासा, कारण बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडतं ते पुष्कळदा नुसता थकवा किंवा उदासी म्हणूनच दिसतं. नैराश्यावर औषध लागलंच तर पाजत असताना घेता येतील अशी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यांपैकी एक. औषध सुरू करायचं म्हणून बाळाचं दूध तोडायला कुणी सांगितलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.